घरच्या घरी ऍक्रिलिकचं मत्स्यालय: कडा, सांधे आणि जाडी

पाणसळ

ऍक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, टाकी बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न गोंदाचा येतो. कुठला घ्यायचा, किती वेळ वाळवायचा, बाहेरून आणखी एक थर द्यायचा का. माझ्या मते सुरुवात कडेपासून व्हायला हवी. ज्या कडेवर दुसरी शीट बसणार आहे ती सपाट असेल, काटकोनात असेल आणि तिच्यावर करवतीची एकही रेघ नसेल, तर पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट (ऍक्रिलिक विरघळवणारा द्रव) तिथे असा सांधा करतं की दोन शीट कुठे भेटल्या ते शोधावं लागतं. कड वाकडी राहिली तर बाटलीतलं काहीही ती कसर भरून काढत नाही. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेलं फार सापडत नाही, म्हणून हा धागा.

माझी टाकी ९० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. काठोकाठ भरली तर १८२ लिटर. चार भिंती आणि वरची चौकट जोडून झाली आहे, तळ बाकी आहे. आतापर्यंतचं काम क्रमाने लिहिते, जाणकारांनी भर घालावी.

आधी जोड नेमका कसा होतो ते. काचेच्या टाकीत दोन काचांमध्ये सिलिकॉनचा रबरी थर असतो आणि तोच सगळं धरून ठेवतो. ऍक्रिलिकवर सिलिकॉनची पकड कमकुवत असते, दाब आला की ते सोलून निघतं. त्यामुळे इथे डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट वापरतात. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करतं, दोन्हीकडच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींत शिरतात, सॉल्व्हंट हळूहळू उडून जातं आणि मागे फक्त ऍक्रिलिक उरतं. हे वेल्डिंगच आहे, फक्त उष्णतेऐवजी रसायनाने केलेलं. मात्र सॉल्व्हंट पोकळी भरत नाही. फट राहिली तर फटच राहते.

शीट कास्ट (साच्यात ओतून केलेली) घ्या, एक्स्ट्रुडेड नको. एक्स्ट्रुडेड शीट यंत्रातून दाबून काढलेली असते. तिची जाडी जास्त एकसारखी असते हे खरं, पण आत ताण साठलेला असतो आणि सॉल्व्हंट लागलं की कडेला बारीक चिरा पडू शकतात. राउटरच्या (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, कड तासणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेने ती लवकर चिकटही होते. कास्ट शीटची जाडी मात्र एकाच शीटमध्ये इथेतिथे बदलते. १२ मिमी म्हणून आणलेली कुठे ११ तर कुठे १२ पेक्षा जास्त भरते, म्हणून कापण्याआधी चारही बाजूंनी कॅलिपर लावून पाहा.

कापताना प्रत्येक तुकडा दोन-तीन मिमी मोठा ठेवला आणि मग अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ पट्टीला टेकवून कार्बाइडच्या सरळ बिटने राउटर फिरवला. एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर तिथे उष्णता साठते आणि खळगा पडतो. शेवटचा फेरा अगदी थोडं खरवडणारा ठेवला. नंतर हाताने घासकागद मारण्याचा मोह आवरा, कारण त्याने कड मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना गोल होते. आणि जोडायच्या कडेला ज्योत दाखवून चमक आणायची नाही. ज्योतीने वरच्या थरात ताण राहतो आणि सॉल्व्हंट लागताच तिथे चिरांचं जाळं उमटतं.

जोडताना सांधा नेहमी आडवा ठेवला. दर्शनी शीट टेबलावर आडवी, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून ताठ धरलेल्या. संरक्षक कागद फक्त सांध्यापुरता सोलला. दोन्ही शीटच्या मध्ये थोड्याथोड्या अंतरावर बारीक तारांचे तुकडे ठेवले (गिटारची सगळ्यांत बारीक तार पाव मिलिमीटरच्या आसपास असते, ती चालते). मग सुईच्या बाटलीने सॉल्व्हंट सोडलं. ते आपोआप फटीतून पळतं. अर्धा-एक मिनिट दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊ दिले आणि तारा एकेक करून बाहेर ओढल्या. वरची भिंत स्वतःच्या वजनाने बसते, त्यावर थोडं वजन पुरे. क्लॅम्प आवळायचे नाहीत, नाहीतर मऊ झालेलं ऍक्रिलिकच बाहेर ढकललं जातं आणि सांधा कोरडा राहतो.

दर्शनी शीट भिंतींच्या बाहेर पाच-सहा मिमी येईल अशी ठेवली होती. सॉल्व्हंट त्या वाढीव बाजूने सोडलं, म्हणजे सांडलंच तर डाग तिथेच पडतो आणि नंतर बेअरिंगच्या बिटने तो भाग छाटला जातो. पुढची बाजू झाली, मग तसंच पालथं करून मागची. चार भिंतींची चौकट झाल्यावर वरच्या आणि खालच्या कडा पुन्हा राउटरने एका पातळीत आणल्या. हे फार महत्त्वाचं आहे. चार वेगवेगळ्या शीटच्या कडा मुळात कितीही अचूक कापल्या असल्या तरी जोडल्यावर त्या एका पातळीत असतीलच असं नाही.

निळा_गप्पी

वाचनखूण साठवली! पण एक मूलभूत प्रश्न. इतका खटाटोप करण्यापेक्षा काचेची टाकी काय वाईट? काचेला ना राउटर लागतो ना सॉल्व्हंट.

काचघर

माझंही हेच म्हणणं आहे. मी वर्षानुवर्षे काचेच्याच टाक्या बांधतो. काचेवर ओरखडे सहज पडत नाहीत, पात्याने शेवाळ खरवडता येतं, आणि सिलिकॉन फसलं तर सोलून पुन्हा लावता येतं. ऍक्रिलिकच्या तळाचा सांधा फसला तर पुढे काय? शिवाय काच ऍक्रिलिकच्या वीस पटींहून जास्त ताठ असते. तेवढ्याच जाडीचं ऍक्रिलिक पाण्याने फुगतं, ते डोळ्यांनाही दिसतं.

पाणसळ

काचघर, तुमचे मुद्दे सगळे खरे आहेत, एकही नाकारत नाही. तरी मी ऍक्रिलिक घेतलं त्याची कारणं सांगते. एक, वजन. ऍक्रिलिकची घनता १.१९, काचेची २.५ च्या आसपास. त्याच जाडीची टाकी निम्म्याहून कमी वजनात होते आणि मला ती जिन्याने वर न्यायची आहे. दोन, भोकं. मला मागच्या भिंतीतून पाणी खालच्या फिल्टर टाकीत उतरवायचं आहे आणि काचेत भोक पाडायला माझा हात धजावत नाही. तीन, रंग. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे जाड काच हिरवट दिसते. ऍक्रिलिक जाड असलं तरी स्वच्छ राहतं, ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांच्या खिडक्या ऍक्रिलिकच्या असतात त्यामागे हेही एक कारण आहे. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००२ साली बसवलेली खिडकी ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंमी जाड आहे. एवढ्या जाड काचेतून मासा पाहायची कल्पना करून बघा.

चौथं कारण उष्णतेचं. ऍक्रिलिक काचेपेक्षा कमी उष्णता बाहेर जाऊ देतं, त्यामुळे हीटरवरचा भार कमी होतो.

छोटी, साधी टाकी हवी असेल तर मीही काचच सुचवेन.

गुण्या

पाणसळताई, काम नीट चाललंय. मी यंत्रांची ऍक्रिलिकची झाकणं आणि टाक्या बनवण्याच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून थोडं सांगतो.

वरची चौकट तुम्ही कशी केलीत ते लिहिलं नाहीत. चार पट्ट्या कोपऱ्यात जोडून केली असेल तर ते चार जोड कायम ओढ खात राहतील. एका अखंड शीटमधून मधला भाग कापून काढायचा, म्हणजे चौकट एकसंध राहते. आणि आतल्या भोकाचे कोपरे गोल हवेत, चांगले मोठे. काटकोनी कोपरा ठेवला तर सगळा ताण त्या टोकावर गोळा होतो आणि चीर तिथूनच निघते. हा नियम ऍक्रिलिकच्या प्रत्येक कामाला लागू आहे: आत वळणारा कोपरा कधीही टोकदार ठेवायचा नाही.

दुसरं, राउटर मारलेल्या कडेत थोडा ताण राहतोच. सोय असेल तर तुकडे जोडण्याआधी ८० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास तापवून अगदी हळू थंड करावेत. कारखान्यात त्यासाठी मोठी भट्टी असते. १०५ अंशांजवळ ऍक्रिलिक मऊ पडतं, त्यामुळे तापमान नीट सांभाळता येत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पाणसळ

गुण्याकाका, मनापासून धन्यवाद. चौकट अखंड शीटमधूनच काढली आहे, कडेने ८ सेंमी रुंद, मधोमध एक आडवी पट्टी सोडून दोन भोकं. कोपऱ्यांची त्रिज्या ५ सेंमी. भट्टी माझ्याकडे नाही, म्हणून बिट नवं वापरलं आणि उष्णता कमीत कमी होईल असे हलके फेरे मारले.

ओळंबा

माझा प्रश्न जाडीचा. १२० × ६० × ६० ची टाकी करायची आहे. विकणारा म्हणतो १० मिमी पुष्कळ झालं, लिटर फार नाहीत. खरं का?

गुण्या

नाही. आणि लिटरवर जाडी ठरवणं हीच पहिली गल्लत. भिंतीवरचा दाब पाण्याच्या उंचीवर असतो, टाकी पुढून मागे किती खोल आहे यावर नाही. ६० सेंमी उंचीच्या टाकीची पुढची भिंत मागच्या भिंतीपासून २० सेंमीवर आहे की दोन मीटरवर, याने तिच्यावरच्या दाबात काही फरक पडत नाही.

हिशेब सोपा आहे. उंची डेसिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि निम्मं करा. उत्तर किलोत येतं. तुमच्या पुढच्या भिंतीवर ६ × ६ × १२ ÷ २, म्हणजे २१६ किलोचा जोर. हाच जोर ४५ सेंमी उंचीला १२१ किलोवर येतो. उंची पाऊणपट केली तर जोर जवळजवळ अर्धा होतो. उंची दुप्पट केली तर चौपट.

ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० ऐवजी १२ मिमी घेतलं तर शीट पावणेदोन पटींच्या जवळपास ताठ होते. ६ ऐवजी १२ घेतलं तर आठ पट. म्हणून दोन मिमीची काटकसर वाटते त्यापेक्षा फार महाग पडते.

१२० लांब आणि ६० उंच टाकीला मी १५ मिमीच्या खाली जाणार नाही, आणि वरची पूर्ण चौकट व मधली पट्टी असेल तरच. १८ असेल तर निवांत झोपाल.

डोह

गुण्याकाकांचा हिशेब बरोबर आहे, पण १२ मिमीच्या ६० सेंमी उंच टाक्या बरेच जण वापरतात आणि त्या उभ्या आहेत. ऍक्रिलिक तोडायला ७० मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो. १२ मिमीमध्ये त्याच्या जवळपासही आपण जात नाही.

गुण्या

७० मेगापास्कल हा आकडा थोड्या वेळात ओढून तोडण्याचा आहे. टाकीवर भार सतत असतो, दिवसरात्र, वर्षानुवर्षे. ऍक्रिलिक अशा भाराखाली हळूहळू सरकतं आणि ताण जास्त असेल तर पृष्ठभागावर बारीक चिरा धरू लागतं. म्हणून दीर्घ भारासाठी त्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहायचं. दुसरी गोष्ट, शीट मधोमध फुगते तेव्हा खालच्या सांध्याला उघडायचा प्रयत्न करते. सांधा शीटइतका मजबूत क्वचितच होतो, हाताने केलेला तर नाहीच. मी जाडी सुचवतो ती सांध्याचा विचार करून.

१२ मिमीच्या टाक्या उभ्या आहेत हे मान्य. घरात, मुलाबाळांच्या शेजारी चारशे लिटर पाणी ठेवताना मला जास्तीची जाडी हवी असते.

ओळंबा

समजलं. उंची ५० वर आणतो आणि १५ मिमी घेतो. मासे ठेवायला तशीही उंचीपेक्षा लांबी-रुंदी उपयोगी.

शेवाळ

सगळे सांध्यांबद्दल बोलताहेत म्हणून हे लिहिणं भाग आहे. डायक्लोरोमिथेन हा खेळ नाही. ते ४० अंशांना उकळतं, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाही भराभर वाफ होते. ती वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते, जमिनीलगत साठते आणि बंद खोलीतून सहज निघत नाही. शरीरात गेल्यावर तिचं काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड बनतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. हृदयविकार असलेल्याने तर यापासून लांबच राहावं. अमेरिकेत २०१९ पासून रंग काढण्यासाठी हे घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे, कारण बंद न्हाणीघरात काम करताना माणसं दगावली होती.

नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे यासमोर काही मिनिटांतच निरुपयोगी ठरतात. हातावर सांडलं तर मोजा लगेच काढून फेका, तसाच घालून काम करत राहू नका. धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही. उघड्यावर काम करा किंवा आरपार वारा असलेल्या जागी, जमिनीजवळून हवा बाहेर ओढणारा पंखा लावून. लहान मुलं, पाळीव प्राणी, आधीपासून भरलेल्या टाक्या, सगळं दूर. काही ठिकाणी याच कामाला क्लोरोफॉर्म वापरतात. तेही त्याच कुळातलं आहे आणि यकृताला घातक, त्यामुळे ते सौम्य असेल असं समजू नका.

पाणसळ

शेवाळ, हे मूळ लेखातच असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. मी सगळं जोडकाम गच्चीवर केलं, वारा पाठीकडून येईल अशी बसून, आणि बाटली प्रत्येक फेऱ्यानंतर बंद करून.

निळा_गप्पी

मी छोटा नमुना करून पाहिला, १५ सेंमीचे दोन तुकडे. सांधा पांढरट, दुधाळ झालाय. आणि एका ठिकाणी बुडबुड्यांची रांग आहे. चालेल का?

गुण्या

नमुना करून पाहिलात हे फार उत्तम. प्रत्येकाने करावा, आणि वाळल्यावर तो तुकडा शिकंज्यात धरून मोडूनही पाहावा. चांगला सांधा असेल तर कधी सांध्यातून तर कधी बाजूच्या ऍक्रिलिकमधून मोडतो. पूर्ण सांध्यावरून सुबकपणे सुटून आला, पृष्ठभाग गुळगुळीत दिसला, तर तिथे मिलाफ झालेलाच नव्हता.

दुधाळपणा बहुधा दमट हवेचा. सॉल्व्हंट इतक्या वेगाने उडतं की पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोरड्या दिवशी, दुपारी काम करा. हळू उडणारं सॉल्व्हंट मिळालं तर आणखी बरं. काही जण त्यासाठी थोडं ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड मिसळतात, पण ते कातडी जाळतं, सवय नसेल तर नको.

बुडबुड्यांचं असं आहे. सुटा, एकटा, टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा दिसायला वाईट, पण धोक्याचा नाही. रांग वाईट. आणि ती रांग आतल्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत पोचत असेल तर ती पाण्याची वाट आहे. बुडबुडे बहुतेक वेळा तारा घाईने ओढल्यामुळे येतात, किंवा सॉल्व्हंट कमी पडल्यामुळे. सुई एकाच दिशेने सावकाश न्या, उलटी नेऊ नका. दोन्हीकडून सॉल्व्हंट आलं की मध्ये हवा अडकते.

डोह

म्हणूनच मी दोन भागांचं घट्ट सिमेंट वापरतो, ज्यात मोनोमर (ज्यापासून ऍक्रिलिक बनतं तो द्रव) असतो आणि तो सांध्यातच घट्ट होतो. ते फट भरतं, कड शंभर टक्के अचूक नसली तरी चालते, आणि सांधा जास्त मजबूत होतो. मोठ्या टाक्या तशाच जोडतात.

गुण्या

मजबुतीबद्दल तुमचं बरोबर आहे. मोठ्या कामात मीही तेच वापरतो. पण त्यासाठी सांध्याला टेपने कठडा करावा लागतो, मिश्रणाचं प्रमाण आणि वेळ सांभाळावी लागते, हवा काढावी लागते, नाहीतर सांधाभर बुडबुडे. पहिली टाकी बांधणाऱ्याने कड अचूक करायला शिकावं. कड जमली की पातळ सॉल्व्हंट पुरतं. कड न शिकता फट भरणाऱ्या सिमेंटवर विसंबलात तर पुढच्या प्रत्येक कामात ती उणीव सोबत येते.

डोह

४५ सेंमीपर्यंत मान्य. ६० च्या वर मी तरी पातळ सॉल्व्हंटवर जाणार नाही. इथे आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय :)

काचघर

बर्लिनच्या त्या टाकीचा विषय अजून कुणी काढला नाही. हॉटेलच्या मधल्या दालनातली गोल ऍक्रिलिकची टाकी, अ‍ॅक्वाडोम. १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे फुटली. दहा लाख लिटर पाणी, दीड हजाराच्या आसपास मासे. ती तर जाणकारांनी बांधलेली होती.

डोह

त्या घटनेवर तज्ज्ञाचा अहवाल आला, पण एक निश्चित कारण सिद्ध करता आलं नाही. ज्या शक्यता मांडल्या गेल्या त्यात सांध्याचा बिघाड होता, आणि दुरुस्तीच्या काळात टाकी रिकामी असताना ऍक्रिलिक कोरडं पडलं असावं अशीही एक होती.

दुसरी शक्यता घरच्या टाकीसाठी समजून घेण्यासारखी आहे. ऍक्रिलिक थोडं पाणी शोषतं आणि शोषलं की किंचित फुगतं. आतली बाजू ओली आणि बाहेरची कोरडी अशी स्थिती सावकाश स्थिरावते. वापरातली टाकी रिकामी करून उन्हात वाळवत ठेवली तर आतला पृष्ठभाग आकसू पाहतो आणि गाभा त्याला तसं करू देत नाही. त्यातून चिरा येतात. दहा-बारा मिमीमध्ये हा परिणाम लहान असतो, पण जुनी टाकी रिकामी करायची तर सावलीत ठेवावी, हे खरं.

निळा_गप्पी

आमच्याकडच्या ऍक्रिलिकच्या झाकणाचा द्रोण का झाला ते आत्ता कळलं! खालची बाजू वाफेने ओली, वरची कोरडी.

डोह

हो, अगदी तेच. झाकण काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं ठेवा. ऍक्रिलिकचंच हवं असेल तर जाड घ्या आणि मधूनमधून उलटवत जा.

ओळंबा

भोकं कशी पाडायची? साध्या ड्रिलने पाडली की बाहेर पडताना कपचा उडतो.

गुण्या

धातूसाठीचं ड्रिल बिट ऍक्रिलिकमध्ये शिरताना ओढून घेतं, त्यामुळे कपचा उडतो. ऍक्रिलिकसाठी टोक निमुळतं केलेलं बिट येतं. मोठ्या भोकाला होल सॉ (ड्रिलला लागणारी गोल करवत) वापरा, खाली लाकडाचा ठोकळा घट्ट धरा, गती कमी ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि दर थोड्या वेळाने बिट वर काढून भुसा साफ करा. अर्ध्यावर आल्यावर शीट पालथी करून दुसऱ्या बाजूने पूर्ण केलं तर दोन्ही कडा स्वच्छ येतात. भोक काठापासून निदान स्वतःच्या व्यासाएवढं आत असू द्या. भोकाची कड बारीक घासकागदाने नीट गुळगुळीत करा. इथे घासकागद चालतो, कारण ही कड जोडायची नाही. नळाचा जोड बसवताना रबरी वायसर रुंद कॉलरच्या बाजूला येतो आणि नट हाताने आवळून वर थोडाच वळसा. पाना लावून पिळलं तर आज नाही, काही महिन्यांनी भोकाभोवती चिरा दिसतील.

शेवाळ

साफसफाईचंही लिहून ठेवते, कारण चांगल्या टाक्या यातच खराब होतात. अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा, स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन, यातलं काहीही ऍक्रिलिकला लावू नका. चिरांचं जाळं येतं आणि ते जात नाही. बाहेरून साधं पाणी आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं कापड. आतून शेवाळाला प्लास्टिकची खरवडणी, ऍक्रिलिकसाठी केलेला पॅड. चुंबकाचा घासा वापरत असाल तर वाळूला टेकू देऊ नका. एक खडा अडकला की पूर्ण भिंतभर रेघ. समुद्री टाकीत सी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) ठेवणाऱ्यांनी दोनदा विचार करावा, ते दातांनी ऍक्रिलिक खरवडतात.

ओरखडा पडलाच तर तो निघतो, हे काचेत होत नाही. ८०० पासून सुरू करून १०००, १५००, २००० असे ओले घासकागद, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवे, आणि शेवटी प्लास्टिकचं पॉलिश. फक्त ओरखड्यापुरतं घासू नका, आजूबाजूला विस्तारत न्या, नाहीतर तिथे खळगा पडून मासा वाकडा दिसतो.

काचघर

हा मुद्दा तुमच्या बाजूने मोजतो. काचेवरची खोल रेघ काही केल्या जात नाही.

ओळंबा

शेवटचा प्रश्न. तळ जोडल्यावर पाणी कधी भरायचं? आणि खाली थर्माकोल ठेवायचं का?

पाणसळ

माझं ठरलंय ते सांगते, काकांनी दुरुस्त करावं. सांधा काही मिनिटांत धरतो आणि दुसऱ्या दिवशी टाकी उचलता येते, पण सॉल्व्हंट आतून पूर्ण निघायला बराच काळ जातो. म्हणून तळ जोडल्यावर निदान दोन आठवडे थांबणार. मग बाहेर, पाणसळ लावून समतल केलेल्या जागी पूर्ण टेकवून भरणार. आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, प्रत्येक टप्प्यात एक दिवस थांबून. भरण्याआधी पुढच्या भिंतीसमोर सरळ पट्टी धरून मधला फुगवटा मोजणार आणि पूर्ण भरल्यावर पुन्हा. तो फुगवटा रोज वाढत राहिला तर टाकी रिकामी करणार. सांध्यालगत कोरडा टिशू फिरवला की बारीक पाझरही लगेच कळतो.

गुण्या

क्रम बरोबर आहे. खालच्या आधाराबद्दल: ऍक्रिलिकच्या तळाला पूर्ण पृष्ठभागावर टेकू हवा. फक्त काठांवर उभी राहणारी कडेची चौकट इथे चालत नाही, तळ मधोमध खाली झुकतो आणि तळाचे सगळे सांधे उघडायला बघतो. स्टँडवर १८ मिमीचं प्लायवूड, सरळ पट्टी फिरवून पाहिलेलं, आणि त्यावर फोमचा पातळ थर. फोम बारीक कण आणि किरकोळ उंचसखल सामावून घेतो. वाकडा स्टँड मात्र तो सरळ करत नाही. त्यामुळे आधी स्टँड, मग फोम. १८२ लिटर म्हणजे १८२ किलो नुसतं पाणी, त्यात वाळू-दगड वेगळे.

पाझर दिसला तर आतून सिलिकॉन ओढून झाकायचं नाही. जिथून पाणी येतं तिथे सांधा भरलेलाच नाही, आणि दाब त्या जागेवर रोज काम करत राहणार. पूर्ण वाळवा, आतल्या कोपऱ्यात ऍक्रिलिकची त्रिकोणी पट्टी सॉल्व्हंटने बसवा, दोन्ही टोकांना पाझराच्या बरीच पुढे जाईल इतकी लांब. पाझर एकापेक्षा जास्त ठिकाणी असेल तर तळ कापून, कड पुन्हा राउटरने घेऊन नवा तळ जोडायचा. उंची सेंटिमीटरभर कमी होईल, एवढंच.

पाणसळ

त्रिकोणी पट्ट्या आधीच कापून ठेवते, उरलेल्या तुकड्यांतून निघतील. तळ येत्या कोरड्या दिवशी जोडते आणि फुगवट्याचे आकडे इथेच टाकते. काका, १२ मिमीच्या ९० सेंमी भिंतीला किती फुगवटा आला तर तुम्ही थांबायला सांगाल?

गुण्या

आकड्यापेक्षा तो स्थिरावतो का ते बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा वाढेल, तेवढं चालतं. अखंड चौकट आणि मधली पट्टी असताना तुमच्या मापाला मधोमध तीन-चार मिमीच्या पुढे जायला नको. गेला तर आधी वरच्या चौकटीचा सांधा तपासा, भिंतीचा नंतर.